बाहेर काढलेले लेख

१४ जानेवारी
फार दिवसांनी लिहितोय, माफी असावी. स्मृती गेल्यापासून बायको, एल्ना, मला क्षणभर सोडत नाही. ती दिवसभर सांभाळणाऱ्या डे सेंटरला गेली की बर्फ उपसायचा, मग बसल्या जागी डोळा लागतो!

विद्यापीठातल्या मॉरो बाईंनी मला कामाला घेतलंय. मी आठवी पास! स्मृती गेलेल्यांना डे सेंटरचा उपयोग होतो का, यावर झालेले सगळे अभ्यास गोळा करून चाळायचे. त्यावरून नगरपालिका ठरवणार — एल्नाचं सेंटर ठेवायचं की बंद करायचं. बंद झालं तर मी मेलोच.

१९ जानेवारी
नियम आधीच बांधून टाकलेत. रुग्णाची स्मरणशक्ती मोजली असेल तोच लेख आत, बाकी बाहेर. प्रत्येक लेख दोघांनी चाळायचा — एकमेकांना न विचारता. माझा जोडीदार क्लिफर्ड, धान्याच्या कोठारावरचा जुना सोबती. कॉफी पिताना म्हणतो, "काय रे आर्वो, त्या डेन्मार्कवाल्या लेखाचं काय केलंस?"
"गप बस! बाई हाकलतील दोघांना."

२६ जानेवारी
एक लेख सेंटरच्या विरोधात. टाकला बाहेर! बाईंनी बोलावलं.
"आर्वो, वगळण्याचं कारण काय लिहिलंत हे? 'मूर्ख माणूस'?"
मी ते खोडलं.
"नियमात बसतो ना? मग आत. आवडो न आवडो."
घेतला आत.

३ फेब्रुवारी
घरच्यांची झोप, घरच्यांची दमछाक — असे लेख ढिगाने येतात. स्मरणशक्ती मोजलेली नाही, म्हणून बाहेर. क्लिफर्डचे नि माझे निर्णय जुळतात. बाई खूश!

११ फेब्रुवारी
निकाल आला. स्मरणशक्तीत काही फरक नाही.

सेंटरमुळे सांभाळणारा माणूस तग धरतो, हे सांगणारे लेख मीच बाहेर काढले. नियमाने! बाईंना म्हणालो, नियम बदला.
"निकाल बघून नियम बदलला तर विश्वास कोण ठेवेल?"
"मग काहीच नाही?"
"नियमात दुरुस्ती मागता येते. उघडपणे — कुणी मागितली, का मागितली, सगळं छापून. पण तुमच्या नावाने नको, आर्वो. तुमची बायको तिथे जाते. लोक म्हणतील, स्वतःसाठी केलं."
दुसरं कुणी नाव द्यायला तयार नाही. क्लिफर्डसुद्धा!

१७ फेब्रुवारी
वृद्धाश्रमातून फोन. एल्नासाठी जागा झाली. सोमवारी नेणार — कायमची.
सेंटर राहिलं काय, गेलं काय, आता मला काही मिळायचं नाही.
बाईंना निरोप ठेवला : दुरुस्तीला आता माझं नाव घाला. लवकर कळवा.