तिसरा प्रश्न

त्या दुपारी माझी मुलगी सात वर्षांची होती. शेजारच्या मुलीने तिच्या बाहुलीचे केस मुळापासून कापले होते. मी दोघींना समोरासमोर उभं केलं, जसं आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला करत. एकीने ‘सॉरी’ म्हणायचं, दुसरीने लगेच उजवा हात पुढे करायचा. हात मिळाला की भांडण संपलं. तो विषय पुन्हा काढायचा नाही. माझी लेक हात मागे बांधून उभी राहिली. मी तिचं मनगट धरून पुढे ओढलं. माझे पती टेबलाशी काच कापत होते. मान वर न करता म्हणाले, “अगं, तिचा राग तर संपू दे आधी.” मी म्हटलं, “तुम्ही तुमच्या काचा बघा.”

हे मृत्युपत्रात कशाला, असं वकीलबाईंनी विचारलं. म्हटलं, बाकीचं सगळं याच्याच पोटात आहे.

तर मी, फोटो-चित्रांना चौकटी करणाऱ्या कारागिराची विधवा, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त, वय एकोणसत्तर, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि हे माझ्याकडून कुणी लिहवून घेत नाही. मघाशी डॉक्टरीणबाई खात्री करायला आल्या. “वार कोणता?” “गुरुवार. आणि तुम्ही दोन पायांत दोन वेगळे मोजे घातलेत.” “शाबूत आहे,” म्हणाल्या आणि दाखल्यावर सही केली. हृदयाचं मात्र त्यांना काही सांगता येत नाही.

यापूर्वीचं माझं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात अट होती की मुलीने आधी मला येऊन भेटावं, मगच घर तिचं. तेही मनगट ओढणंच होतं. मला ते कळायला चार वर्षं लागली.

कलम एक. घर, पुढची दुकानाची खोली आणि आतलं सगळं माझ्या मुलीला, विनाअट. तिने विकलं तरी चालेल. न येता, किल्ली वकीलबाईंकडून मागवून विकलं, तरीही चालेल.

कलम दोन. आमची शिडी माझ्या धाकट्या दिरांकडे आहे. ‘वहिनी, रविवारी आणून देतो’ म्हणाले होते, त्याला चौदा वर्षं झाली. ती आता त्यांनाच दिली असं समजावं. पण शिडी माझी होती, एवढं कागदावर राहू द्या.

कलम तीन. हे लांब आहे, पण याच्याशिवाय चौथं कलम कळणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी, सकाळी साडेआठला, माझे पती शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा आरसा नवी चौकट बसवून पोचवायला निघाले. गल्लीच्या वळणावर मालवाहू गाडीने त्यांना उडवलं. समोरच्या गच्चीवरून एकाने पाहिलं: गाडी थांबली, चालक उतरला, त्यांच्यावर वाकला, क्षणभर तसाच राहिला आणि मग गाडीत बसून निघून गेला. पाहणारा तीन जिने उतरून येईपर्यंत हे गेले होते. चालक दोन दिवसांनी सापडला. गुन्हा त्याने कबूल केला.

कोर्टात मी साक्षीदार क्रमांक चार होते. ‘मृत इसम आपला कोण?’ ‘पती.’ ‘बसा.’ माझं बोलणं एवढंच. मग आरोपी आणि मृताच्या घरचे यांना समोरासमोर बसवणाऱ्या समेट केंद्रातल्या मध्यस्थ बाई घरी आल्या. म्हणाल्या, “ताई, आमच्याकडे बोलायची पहिली पाळी तुमची असते. काय झालं, तुमचं काय गेलं, ते त्याने ऐकायचं. तुम्ही विचारायचं, त्याने उत्तर द्यायचं. माफ करायलाच हवं असं मुळीच नाही. वाटलं तर मधूनच उठून जा.” चार वेळा येऊन त्यांनी माझी तयारी करून घेतली. इतकं लक्ष देऊन मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी कागदावर तीन प्रश्न लिहिले. गाडी इतक्या वेगात का होती? पळून का गेलात? तुम्ही वाकलात तेव्हा ते काही बोलले का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पोलिसांच्या कागदांत होती. तिसऱ्याचं उत्तर जगात एकाच माणसाकडे आहे.

केंद्राला दोन दारं आहेत, दोन्हीकडच्या माणसांची गाठ खोलीत बसण्याआधी पडू नये म्हणून. त्या दिवशी मागच्या दाराचं कुलूप अडकलं. मी आणि माझी मुलगी पुढच्या खोलीत उभ्या असतानाच त्याला आत आणलं. मला वाटलं होतं कुणी दांडगट असेल. बारीक, टक्कल पडत आलेला, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात अडकवलेला माणूस. मला पाहताच त्याच्या तोंडून निघालं, “सॉरी, बाई.”

आणि माझा हात पुढे गेला.

मी तो केला नाही. तो गेला. पन्नासहून जास्त वर्षांची सवय होती ती. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने रडला. खोलीत जाऊन बसल्यावर मध्यस्थ बाईंनी विचारलं, “ताई, तुमचे प्रश्न?” कागद माझ्या मांडीवर होता. हात मिळाला की विषय काढायचा नाही. मी म्हटलं, “नाही, काही नाही.”

माझी मुलगी बाहेर व्हरांड्यात मला म्हणाली, “आई, बाबांच्या वतीने हात पुढे करायचा हक्क तुला कुणी दिला?”

मी म्हटलं, “अगं, चुकून झालं.”

“गाडीसुद्धा चुकूनच लागली, असं तो म्हणतो.”

निकालपत्रात एक ओळ आली: मृताच्या पत्नीने आरोपीशी हात मिळवला आहे, हे विचारात घेण्यात येते. शिक्षा कमी झाली. मुलीने ती ओळ वाचली आणि त्या दिवसापासून ती या घरात आलेली नाही. माझ्या वाढदिवसाला फोन करते. “बरी आहेस?” “हो. तू?” “बरी.” तिचं काही चुकलं, असं मी एकदाही म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही.

मध्यस्थ बाईंनी दोनदा विचारलं, “ताई, दुसरी भेट ठरवू या? तो तयार आहे.” मी ‘नको’ म्हटलं. त्यात केंद्राचा दोष नाही, आणि हे कुणी त्यांच्यावर ढकलू नये. त्यांनी मला खुर्ची दिली, पाळी दिली, वेळ दिला. मलाच बसता आलं नाही.

तो दर वर्षी केंद्रामार्फत पत्र पाठवतो. आता सुतारकाम करतो. गेल्या वर्षी लिहिलं होतं, ‘त्या दिवशी तुम्ही हात दिलात म्हणून मी उभा आहे.’ आता याला काय सांगू? की बाबा रे, ती माफी नव्हती, ती शाळेची शिस्त होती? आणि नव्हती म्हणू तर तेही खरं की नाही, मला माहीत नाही. मी रोज शोधते. राग सापडतो, कीव सापडते, माफी कुठे ठेवली आहे ते सापडत नाही. म्हणून त्याला मी काही ठेवत नाही आणि त्याच्याकडून काही काढूनही घेत नाही.

कलम चार. बँकेत जे असेल, त्यातून केंद्राच्या मागच्या दाराला नवं, चांगलं कुलूप बसवावं आणि वर्षातून दोनदा त्यात तेल घालण्याची सोय करावी. उरलेलं मुलीचं.

कलम पाच. आरशाची ती चौकट मी शेजारच्या बाईंकडून मागून घेतली होती. एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. ती त्यांना परत द्यावी. “दुरुस्त करून घेऊ नका हं,” असं त्या स्वतःच मला म्हणाल्या आहेत.

कलम सहा. पतीची काच कापायची हिरकणी, कोन कापायची लाकडी पेटी आणि लहान हातोडी मुलीला. हिरकणीच्या डबीत एक घडी केलेला कागद आहे. त्यावर तीन प्रश्न आहेत, पहिल्या दोहोंवर काट मारली आहे. सोबत मध्यस्थ बाईंचा फोन नंबर आहे. दुसरी भेट वारसालाही मागता येते, असं त्यांनी मला लिहून दिलं आहे.

लेकी, तेव्हा तुला कुणी विचारलं नाही. ना कोर्टाने, ना मी. प्रश्न तुझेही होते. हा कागद वापर, नाहीतर फाडून टाक, नाहीतर डबीतच राहू दे. त्याला भेटलीस आणि तो सॉरी म्हणाला, तर हात मागे बांधून उभी राहा, हवं तितका वेळ. या वेळी तुझं मनगट कुणी धरणार नाही. ते काही बोलले होते का, एवढं मात्र कळलं, तर मला सांगायला उशीर झालेला असेल. तुझ्याजवळ ठेव.

किल्ली: वकीलबाईंकडे. डबी: टेबलाच्या डाव्या खणात. बाहुलीही तिथेच आहे. तिचे केस पुन्हा आले नाहीत, पण टोपी मी विणली आहे. बाहुली कुणाला द्यायची, ते मुलीने ठरवावं.

हे मी वाचून पाहिलं आणि साक्षीदारांसमोर उजव्या हाताने सही केली.

सही: मी स्वतः

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)

स्थळ: दुकानाची खोली, त्यांचं काच कापायचं टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी चार