घाटापलीकडची शाळा

ईस्ट हॅलोवे, १८ फेब्रुवारी

ती. लुसील मावशीस,

एमरीचा सा. न. वि. वि. नमस्कार रीतीचा आहे, राग खरा आहे.

छोट्या गावांची शाळामंडळं एकत्र करता येतील का, याचा अभ्यास करायचा कायदा विधानसभेत मंजूर झाला. त्यासाठी तूही हात वर केलास, हे मला पेपरातून कळावं? वर आमच्या भागाच्या अभ्यास-समितीची अध्यक्षही तूच. ज्या शाळेत तू आणि आई एका बाकावर बसलात, तिचाच अभ्यास. अगं, खाटीकही मेंढीचा अभ्यासच करतो.

दुकानात दुसरा विषय नाही. दुकानवाल्या मिसेस पर्ली म्हणाल्या की पोरं कमी झालीत हे खरं, पण म्हणून उरलेली लोकांना देऊन टाकायची का? शाळा गेली तर बस घाट ओलांडून मार्लनच्या शाळेत जाणार. बर्फ वितळून चिखल झाला की त्या रस्त्यात ट्रॅक्टर रुततो, आणि तिथून सहा वर्षांची पोरं न्यायची.

होय, यात थिया ब्रुसो आहे. तुझ्या नजरेतून सुटणार नाही, म्हणून मीच सांगतो. ती पहिली ते तिसरी एका खोलीत शिकवते. शाळा गेली की ती गेली. तिला मी काही बोललेलो नाही. तिच्या वर्गाच्या पायऱ्यांवरचा बर्फ मात्र रोज काढतो, आणि ती रोज म्हणते की शाळेनं त्यासाठी माणूस ठेवलाय.

डिसेंबरात कॉलेज सोडून आलो तेव्हा बाबा ओरडले नाहीत. मेपलच्या झाडांना पाकासाठी रस काढायच्या नळ्या बांधायला घेऊन गेले, आणि दिवसभरात एवढंच म्हणाले की तिकडची खोली इतक्यात सोडू नकोस.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा आहे. समितीवर गावानं आपला माणूस पाठवायचा का, हे तिथं ठरेल. पाठवायचा नाही, असं मी उभा राहून सांगणार आहे.

तुझा लोभ हवा आहे, सल्ला नको.

तुझा,
एमरी


माँटपेलियर, २३ फेब्रुवारी

चि. एमरीस अ. उ. आ.

पत्र मिळालं. उघडताना बोटं भाजली.

हात वर केला तो केला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. गावागावाचं मंडळ वेगळं, साहेब वेगळा, आणि बीजगणित शिकवायला माणूस मिळत नाही. तुमच्या आठवीतल्या मुलीला फ्रेंच शिकायचं तर ती एकटी संगणकाच्या पडद्यासमोर बसते. तुला ते चालत असेल, मला नाही. शाळा बंद करावी असं निघालं तर मी तुमच्या गावात येऊन तोंडावर सांगेन. राहू द्यावी असं निघालं तर इथं राजधानीत, विधानसभेत तितक्याच मोठ्यानं सांगेन. तुम्ही माणूस पाठवला नाहीत तर तुमची खुर्ची रिकामी राहील. काम थांबणार नाही.

आणि बर्फ काढून कुणाचं जमत असतं तर रस्त्यांवरचा बर्फ काढणाऱ्या सेल्डन कूम्सची आजवर दहा लग्नं झाली असती. त्या मुलीला काय हवंय ते तिला विचार. कॉलेजचं काय, हे तुझी आई विचारत नाही म्हणून मी विचारते.

भांडण चालू ठेव, पत्रंही चालू ठेव.

तुझी मावशी,
लुसील


ईस्ट हॅलोवे, ५ मार्च

ती. मावशीस सा. न.

सभा शाळेच्याच व्यायामशाळेत भरली. जेवणाला बीन्स, हॅम, ॲपल पाय, सगळं नेहमीचं. आमचा ठराव जेवणानंतर आला. मी उठलो, दोन वाक्यं झाली, तोच सेल्डन कूम्सनं सभापतींना विचारलं की हे पोरगं या गावचं मतदार तरी आहे का?

गावाचं दप्तर सांभाळणाऱ्या टाउन क्लार्क बाईंनी यादी पाहिली. नव्हतो. गेल्या शरदात कॉलेजच्या दारात एक मुलगी टेबल मांडून मतदारांची नावं नोंदवत होती, आणि तिच्यापुढं मला नाही म्हणवलं नाही, म्हणून माझं नाव तिकडच्या यादीत गेलं. हसू नकोस. यादीत नसलेल्यानं बोलायचं तर सभेच्या दोन तृतीयांश लोकांनी हो म्हणावं लागतं. हात वर झाले, पुरेसे नव्हते. बाबांचा हात मांडीवर होता.

ते मला लागलं, आणि मग समजलंही. मी इथला नाही असं ठरलं तर उद्या परत कॉलेजला जाईन, अशी त्यांना आशा होती. मी तसाच क्लार्क बाईंच्या टेबलाशी गेलो, नाव इथं लावा म्हणालो, ते सभेच्या दिवशीही लावता येतं, आणि मतदाराची शपथ शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी घेतली. बाबा बुटांकडे बघत होते.

मग बोललो. जे बोलायचं ते सगळं बोललो, आणि हरलो. माणूस पाठवायचा असं ठरलं. कुणाला, म्हटल्यावर सेल्डन पुन्हा उठला. म्हणे, पोराला कामधंदा नाही, आवाज माँटपेलियरपर्यंत पोचतो, ह्यालाच पाठवा. सगळी व्यायामशाळा हसली. थिया मार्लनची, तिला मत नाही. ती भिंतीशी उभी होती, तीही हसली. या वेळी पहिला हात बाबांचा होता.

तेव्हा आता सदस्य म्हणून लिहितो. पहिली बैठक इथं, याच महिन्यात, चिखलाच्या दिवसांत घ्यावी. समितीनं मार्लनहून शाळेच्या बसनं घाटातून यावं. अध्यक्षांसकट.

कळावे, आणि कळल्यावर रागावू नये.

एमरी


माँटपेलियर, १० मार्च

चि. एमरीस आशीर्वाद, सदस्यांस नमस्कार.

मंजूर. बैठक २१ तारखेला. एका सभासदानं आपल्या गाडीनं येतो म्हणून कळवलं; त्याला सांगितलं की बसमध्ये भरपूर जागा आहे. पण त्यानंतरची बैठक मार्लनच्या शाळेत. तिथली प्रयोगशाळा तू डोळे उघडे ठेवून पाहायचीस. मी माझं मत खिशात घालून येते, फेकून देऊन नाही.

थियाला विचारलंस का, ते लिहिलं नाहीस.

मायेनं,
लुसील मावशी


ईस्ट हॅलोवे, १४ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

विचारलं. तिनं मार्लनची नोकरी घेतलीय, ऑगस्टपासून. गावसभेच्या आधीच होकार कळवला होता. म्हणाली, एका वयाची मुलं असलेला वर्ग हवाय, आणि जेवताना बोलायला चार शिक्षक. मला म्हणाली की तू चांगला आहेस, पण मला तसं काही वाटत नाही. आणि शाळा माझ्यासाठी वाचवत असशील तर आत्ताच थांब.

दोन दिवस मेपलच्या रसाच्या नळ्याच तपासत फिरलो. तिसऱ्या दिवशी तिच्या वर्गातली पहिलीची पोरं डबक्यात उड्या मारताना दिसली. त्यांना थिया हवी आहे, मला हवी आहे, आणि ती दोघांनाही मिळणार नाही. पण ऑगस्टात त्यांना कुणीतरी शिकवायला लागेलच, आणि ते इथं, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. एवढं मला पुरेसं आहे.

कॉलेजची खोली सोडली. बाबांना सांगितलं, ते ठीक आहे म्हणाले. ठीक नाही, मला ठाऊक आहे.

मार्लनची प्रयोगशाळा पाहीन, आवडली तर आवडली म्हणेन, आणि तरीही भांडेन. २१ तारखेला बस मार्लनच्या चौकातून सकाळी सहाला सुटते. रबरी बूट आण. चढावर उतरून ढकलावी लागते, आणि त्यातून अध्यक्षांना सूट नाही.

प्रेम आहे, माघार नाही.

एमरी थिबो,
सदस्य, ईस्ट हॅलोवे