तुमच्या बंदुकीला माझा खांदा

अहो,

रागावू नका. आज दुपारी तुमच्या एअर रायफलचा लाकडी दस्ता मी उतरवला आणि तिला ॲल्युमिनियमचा नवा स्टॉक बसवला. निळा! ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहायला बसले. शिवाय मला इतका आनंद झालाय की कुणाला तरी सांगायलाच हवा, आणि यातलं कळणारं माणूस आपल्या घरात एकच होतं.

सुरुवात खंडेनवमीला झाली. तुमचं वर्ष सरायचं होतं, म्हणून यंदा घरात सण नव्हता. एरवी तुम्ही बंदूक पाटावर मांडायचात, मी हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायची आणि मग दसरा होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, तिची विश्रांती म्हणून. यंदा पूजाच नाही. मनात आलं, पूजा नाही तर विश्रांती तरी कसली? कपाटातून काढली, पुसली आणि पुसता पुसता खांद्याला लावून बघितली.

अहो, किती लांब तो दस्ता! तुमच्या सहा फुटांना शोभणारा. माझी मान ताणून ताणून दुखली, तरी डोळा नेम धरायच्या भोकापर्यंत पोचेना. पण ते वजन हातात आलं आणि मला काय वाटलं सांगू? इतकी वर्षं मी क्लबात मागच्या खुर्चीवर तुमचा थर्मास सांभाळत का बसले होते, असं वाटलं.

एकदा शिकवलं होतंत मला, आठवतं? लग्नाला फार दिवस झाले नव्हते. एकही छर्रा कागदाला लागला नाही. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हिचा नेम फक्त फोडणीत." सगळे हसले, मीही हसले आणि चहा ओतायला घेतला. त्यानंतर तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. मीही म्हटलं नाही, पण एकदा विचारायला काय हरकत होती हो?

तर दसरा झाल्यावर बंदूक घेऊन मी ठाण्याला गेले. खोपटच्या एसटी स्टँडवर उतरून क्लबात शिरले, तर तुमचे पाटकर भाऊजी तिथेच होते. त्यांना वाटलं मी बंदूक विकायला आणलीय. मला मारून बघायचंय म्हटल्यावर जरा गडबडले, पण नाही म्हणाले नाहीत. मात्र माझा उजवा खांदा अजून आखडलेला आहे, हात वर जाईना. ते म्हणाले, मग गंमत म्हणून डाव्या खांद्याला लावा.

लावली. दस्ता लांब, गालाला टोचतोय, मान वाकडी. तरी पहिलाच छर्रा कागदावर! तिसरा तर थेट काळ्या वर्तुळात!

भाऊजींनी दुर्बीण खाली ठेवली. मला दोन्ही हात पुढे धरून बोटांच्या फटीतून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगितलं. मग एकेक डोळा मिटायला लावला. डावा मिटला की घड्याळ गायब.

"वहिनी, तुमच्यात मालक डोळा डावा आहे, नेम तोच धरतो," ते म्हणाले. "तुम्ही डावऱ्या आहात का?"

छे, म्हटलं मी. आणि घरी येताना बसमध्ये बसल्या बसल्या आठवलं. खडवलीच्या घरी आम्ही जेवायला बसलो की आई समोर उलथनं घेऊन बसायची. डावा हात ताटाकडे गेला की बोटांवर फटका. देवाचा प्रसाद डाव्या हातात घेतला म्हणून आजोबांनी एकदा अख्ख्या पंगतीदेखत उठवलं होतं. शाळेत जायच्या वयापर्यंत मी पक्की उजवी झाले आणि पुढे मलाच विसर पडला. पण सुईत दोरा मी आजही डाव्या हाताने ओवते. बटाटे डाव्या हाताने सोलते. कुलूप डाव्या हाताने उघडते.

आणि तुम्ही! एवढे नेमबाज. दहा मीटरवरचा ठिपका दिसायचा तुम्हाला, शेजारी बटाटे सोलणारी बायको डावरी आहे हे दिसलं नाही? जाऊ द्या, मला तरी कुठे दिसलं होतं.

आता अडचण अशी की तुमच्या दस्त्याचा गालाखालचा फुगवटा एकाच बाजूला. डाव्या खांद्याला त्याचा उपयोग शून्य, आणि लांबी कमी करायची तर करवत लावावी लागणार. ते माझ्याने झालं नसतं. भाऊजी म्हणाले, नळी तीच ठेवा, स्टॉक बदला, ॲल्युमिनियमचा घ्या, त्यात सगळं मागेपुढे, खालीवर करता येतं. मग काय विचारता! निनादसाठी मुली बघताना मी एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या.

पहिला काळा बघितला. दिसायला देखणा, पण गालपट्टी फिरेचना, उजव्यांसाठीच केलेला. दुसरा कळव्याच्या एका मुलीचा, वापरलेला, लालचुटूक. तिच्या आईने पोहे खाऊ घातले, मुलगी गोड, स्टॉकही मजबूत. पण मागची पट्टी पूर्ण आत ढकलली तरी माझ्या हाताला लांबच. शिवणाच्या टेपने तीनदा मोजलं, मोह होत होता ना! तिसरा हा निळा. याची गालपट्टी स्क्रू काढून दुसऱ्या बाजूला लावता येते, डाव्या हाताची मूठ वेगळी मिळते, आणि मुख्य म्हणजे तुमच्या नळीचे स्क्रू याच्या भोकांत बरोबर बसतात. लाकडापेक्षा हलका असेल असं मला वाटलेलं, तसा काही नाही. पण वजन कुठे हवं ते आपल्याला ठरवता येतं.

निनादला आवडलं नाही. मी ओट्यावर जुनं धोतर पसरून स्क्रू काढायला घेतले तर तो दारात उभा.

"अगं आई, बाबांची आहे ती. शोकेसमध्ये ठेवू ना. तू काय खोलत बसलीस?"

मी म्हटलं, "बाबांची होती, बाबांच्या मापाची. मला माझ्या मापाची हवी आहे."

असं मी या घरात पहिल्यांदाच म्हटलं असेन. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तो दारातून आत आला आणि ओट्याशी उभा राहिला.

शेवटचा स्क्रू निघाला, मी नळी वर उचलली आणि आम्ही दोघं बघत राहिलो. खालच्या लाकडाच्या खाचेत कुंकू होतं. दर वर्षी मी वाहिलेलं, फटीतून आत झिरपून साठलेलं, घट्ट. तुम्ही बंदूक इतकी साफ करायचात, पण तिथवर तुमचा हात कधी पोचला नव्हता.

"आई, हे पुसू नकोस हं," निनाद म्हणाला. मग माझ्या हातातून पाना घेतला आणि निळ्या स्टॉकचे सगळे स्क्रू त्यानेच आवळले. लाकूड त्याने शोकेसमध्ये ठेवलंय, कुंकवासकट. येत्या खंडेनवमीला दोन्ही पाटावर मांडू.

आणि मग मी ती खांद्याला लावली. माझ्या डाव्या खांद्याला! मान सरळ, हात सैल, डोळा जिथे हवा तिथे. गाल टेकवला आणि लक्षात आलं, तुम्ही नेहमी पलीकडून गाल टेकवायचात. मधे फक्त नळी. अहो, मला वाटलं तुम्ही तिथेच आहात. मी मान वळवून बघितलं नाही, नेम हलला असता.

रविवारी क्लबात ज्येष्ठांची स्पर्धा आहे आणि माझं नाव दिलंय. सुरुवातीचे सरावाचे छर्रे मोजत नाहीत ना? तेच तुमचे नेहमी झकास जायचे आणि मोजायला लागले की तुमचा हात कापायचा. म्हणून वचन देते, ते न मोजायचे सगळे छर्रे मी तुमच्या नावाने मारीन. मोजायचे मात्र माझे.

थर्मास तेवढा तुम्ही सांभाळा.

तुमची डावरी,
वृंदा