हेमराजचं नाव मी घेतलं नाही

पुणे, १२ डिसेंबर २००७

प्रिय आई,

हे पत्र बाबांना वाचायला देऊ नको. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, घरात कुणी नसताना सावकाश वाच. आपला फोन बैठकीत आहे, सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून लिहितेय.

"एवढी शिकली अन् माशाच पोसून राह्यली काय?" असं तू हसून विचारतेस. पिकल्या केळ्यांवर घोंगावतात त्याच त्या बारीक माशा. त्यांच्या मेंदूतल्या एका जनुकावर मी सहा वर्षं काम करतेय. पेशी त्याचे निरनिराळे तुकडे निवडून जोडते आणि त्या एकातून अडतीस हजार नमुने होऊ शकतात. त्यामुळे प्रत्येक पेशीला स्वतःची ओळख मिळते. वाढताना तिला आपलीच फांदी लागली की ती बाजूला वळते, दुसरीची असली तर शेजारून जाऊ देते. शेजारशेजारच्या पेशींना आम्ही एकच नमुना दिला, तर परक्या फांद्याही आपल्याच समजून त्या एकमेकींपासून पळाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं.

हेच जनुक का, ते तुला कधी सांगितलं नाही. या जनुकाचा भाऊबंद माणसातही आहे, एकविसाव्या गुणसूत्रावर. आपल्या हेमराजकडे ती गुणसूत्रं दोनाऐवजी तीन आहेत, यालाच डाऊन सिंड्रोम म्हणतात. माशीवरून माणसाचं सांगता येत नाही, माणसात ते जनुक इतके नमुने करतही नाही, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. तरी विषय निवडला तो त्याच्यासाठीच.

आणि त्यालाच लपवलं. मला पाहायला आले तेव्हा तुम्ही त्याला रोहण्याला मामांकडे धाडलंत. लग्नातही तो नव्हता. मी गप्प राहिले. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तुझ्या जावयासमोर, प्रफुल्लसमोर, विचारलं, "माहेरी कुणाला जन्मतः असं काही?" मी चटकन "नाही" म्हणाले. 

परवा प्रफुल्लला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "तुले सख्खा भाऊ आहे, अन् मले त्याचं नावबी माहीत नाई?" तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो.

आई, मला चौथा महिना आहे. सोनोग्राफीत डॉक्टरांना तशीच शंका आली. बाळाभोवतीचं पाणी काढून तपासायला पाठवलंय, निकाल पंधरा दिवसांनी. बहुतेक वेळा हे घराण्यातून येत नाही, मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही रोज दिवस मोजते. निकाल वाईट आला तर मी काय करीन याचीच मला भीती वाटते. हेमराजला पहिल्यांदा मांडीवर घेतलंस तेव्हा तू घाबरली होतीस का? ती भीती कधी गेली, की अजून आहे? मला धीर यावा म्हणून खोटं लिहू नको. जसं झालं तसं लिही, आणि निकालाआधी मला मिळेल असं पाठव.

तुझीच, भेदरलेली
गुंजन