वाळू काढली, उंट काढले

प्रिय मुरादभाई,

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले आणि मी आज लिहायला बसले आहे. दुःखाने नाही, भीतीने. उद्या दुपारी आमच्या साप्ताहिकाची पानं छपाईला जातील. त्याआधी खुलाशाची एक चौकट पाठवायची की नाही ते ठरवायचं आहे. सकाळी केलेला चहा तसाच गार झाला आहे. हसू नका!

चौकट तुमच्याबद्दलच आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले, ते आधी सांगते.

काठमांडूच्या पत्रकार शिबिरात तुम्ही मला पहिलाच प्रश्न काय विचारलात, आठवतं? "आपके यहाँ भी कपड़े सूखते-सूखते काले होते हैं?" तुम्ही तिकडे सिंधमध्ये, थरच्या वाळवंटातल्या कोळशावर लिहिणारे, मी इकडे चंद्रपूरच्या कोळशावर. सगळे डोंगराचे फोटो काढत होते आणि आपण दोघं धुळीबद्दल बोलत बसलो. तेव्हापासून तुम्ही मला अदी म्हणायला लागलात. तुमच्या सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, हे मला दोन दिवसांनी कळलं.

तुमची लिपी मला वाचता येत नाही, माझी तुम्हाला. म्हणून तुम्ही लेख उर्दूत वाचून आवाजी संदेश पाठवायचात आणि मी थांबवत थांबवत मराठीत उतरवायची. मधे तुमचा खोकला. किती वेळा म्हटलं, डॉक्टरला दाखवा! "अगले हफ़्ते." प्रत्येक वेळी पुढचाच आठवडा.

सिंधमधल्या एका दैनिकात तुम्ही मुद्रितं तपासायला लागलात, तिथून वार्ताहर झालात. जमीनदार गावाची मतं कशी गोळा करतात, यावर अख्खं पुस्तक लिहिलंत. दोन संपादकांनी तुमचा स्तंभ बंद केला, तेही तुम्ही हसत सांगायचात. तिसऱ्याने लेख ठेवला आणि नाव उडवलं. त्याचा मात्र विषय निघाला की तुमचा आवाज चढायचा. टीव्हीवर आठ महिनेच टिकलात. "वहाँ पाउडर बहुत लगाते थे," एवढंच मला सांगितलंत. निवडणुकीचा कार्यक्रम मधेच बंद पाडला म्हणून तुम्ही उठून आलात, हे मला तुमच्या मुलीकडून कळलं.

तुमच्या थरमधल्या, विहीर आटलेल्या लच्छमीवरचा लेख मराठीत छापू का, असं मी विचारलं तेव्हा तुमची एकच अट होती. "नाम के साथ छापो, वरना रहने दो."

मी तो छापला आणि तुमचं नाव काढलं.

पाकिस्तानी माणसाचा लेख, तोही आमच्या या भागात! इथे अनोळखी गाडी गावात शिरली तरी दोन ठिकाणी चौकशी होते. माझा नवरा ऊर्जानगरच्या सरकारी वीज केंद्रात नोकरीला. आधी नाव काढलं, मग देश काढला. मग वाटलं, वाळूवरून कळेल, म्हणून वाळू काढली. उंट काढले. संपादकांना म्हटलं, 'विशेष प्रतिनिधी' टाका. लच्छमीचं तेवढं लक्ष्मीबाई केलं. उरलं काय? खाण खोल गेली तशी विहीर आटली, आणि साहेब लोक नुसते मोजमाप करून जातात, असं सांगणारी एक बाई.

पानाचा फोटो पाठवला तेव्हा तुम्ही विचारलंत, "मेरा नाम किधर है?" मी म्हटलं, सगळ्यात वर आहे, मोठ्या अक्षरांत. तुम्ही ते पान छापून भिंतीला लावलंत म्हणे. आल्यागेल्याला दाखवायचात. तुमच्या मुलीने 'अब्बू नहीं रहे' कळवलं, त्याच्या खालीच त्या भिंतीचा फोटो होता. मुरादभाई, तुम्हाला फसवणं इतकं सोपं का होतं?

आता पुढचं ऐका. घुग्घुसजवळच्या एका गावात खरीच लक्ष्मीबाई आहे. खाणीच्या ऑफिसातल्या कँटीनमध्ये ठेकेदाराकडे पोळ्या लाटते. विहीर तिचीही आटली आहे. लेखाचं कात्रण फिरत फिरत तिथे पोचलं आणि हे तिनेच सांगितलं असं समजून मागच्या आठवड्यात तिला म्हणाले, उद्यापासून येऊ नको. जी बाई मला कधी भेटलीसुद्धा नव्हती, तिचं काम माझ्या भित्रेपणाने गेलं.

खुलासा दिला तर तिचं काम परत मिळेल. पण मग तुमचं नाव सांगावं लागेल. नवऱ्याला म्हटलं, तर तो ताटावरून उठला. "तुले काय गरज होती? चौकशी लागली तं कोन येनार हाये आपल्यासाठी? त्या फोनातलं सारं मिटवून टाक आधी." तो वाईट माणूस नाही. घाबरला आहे. मीही घाबरलेच आहे. तुमचे संदेश पुसायला दोनदा बोट नेलं आणि मागे घेतलं.

काल शेवटी लक्ष्मीबाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्या शेंगा निवडत होत्या. शिव्या देतील, या तयारीनेच मी बसले होते.

"म्हंजे हे तिकडच्या बाईचं हाये?"

"हो. या अंकात तसं छापते. तुम्ही बोलला नव्हतात हे कळलं की घेतील कामावर."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंग ते म्हनतीन, हे तं पाकिस्तानातलं हाये, आपल्या इथी सारं बेस हाये. माह्यी विहीर खोटी पडन ना, बाई!"

मला हे सुचलंच नव्हतं. तुम्हाला लगेच सुचलं असतं.

"तुमी त्याइचं नाव टाका," त्या म्हणाल्या. "अन् त्याच्या खाली माह्यं टाका. लिवा, मी तवा बोलली नव्हती, आता बोलून राह्यली."

"अहो, काम जाईल कायमचं!"

"तं काय करू? पानी तं कवाचंच गेलं."

त्या आत जाऊन बदामी साडी नेसून आल्या. फोटो काढा म्हणाल्या, विहिरीपाशी. पहिले तीन फोटो वाया गेले, त्यांत विहिरीचा तळ दिसत नव्हता.

मुरादभाई, चौकट आता अर्धं पान झाली आहे. वर तुमचं पूर्ण नाव, गाव, देश. वाळू जागेवर, उंट जागेवर. खाली लक्ष्मीबाई. शेवटी, अनुवाद करताना नाव मी काढलं होतं, हे माझ्या नावानिशी. धीर आलेला नाही, पण हे पत्र संपलं की पान पाठवते. आणि छापून आलं की तुमच्या मुलीला कळवीन, भिंतीवरच्या त्या पानात तुझ्या अब्बूंचं नाव कुठेच नाही, ते काढ आणि हे लाव. तिने मला काय म्हणायचं ते म्हणू दे. हा शब्द देते.

तुमची,
सुनंदा