बाजार हलला नाही

आये, सिल्व्हर पार्कच्या मागचा बाजार हलला नाही. जिथे होता तिथेच राहिला आणि त्यात माझा हात आहे, एवढं तुला सांगायचं होतं. मी काय काम करते ते तुला कधी नीट कळलं नाही, असं मला वाटायचं. शिकत असताना एकदा उत्तनच्या घरी मी तुला नगररचना म्हणजे काय ते समजावत होते. तू बोंबील साफ करत होतीस. माझं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे कुठं काय ठेवायचं ते. मग तसं सांग ना." वीस वर्षं या कामात काढल्यावरही मला याहून सोपं सांगता येत नाही.

मला ती सुट्टी आठवते. मी दहा वर्षांची आहे. उत्तनहून पहिल्या बसने आपण भाईंदरला उतरतो आणि तिथून पायी मिरा रोडला निघतो. तुझ्या डोक्यावर मासळीची पाटी, माझ्या हातात कोयत्याची पिशवी. बेव्हर्ली पार्कच्या दोन-तीन बिल्डिंगी करून आपण पुढच्या सोसायटीत, सिल्व्हर पार्कमध्ये, शिरतो. तिच्या मागच्या बाजूने बाजारात जायची वाट आहे. त्या दिवशी तिथे भिंत उभी असते, सिमेंट अजून ओलं. तू भिंतीकडे बघतेस, पाटी सारखी करतेस आणि भर उन्हात मोठ्या रस्त्याने वळसा घालायला लागतेस. संध्याकाळी मी भूगोलाच्या वहीत आपल्या वाटेचा नकाशा काढला. घर, बस, स्टेशन, बाजार, सगळं रंगवलं. तू वाकून पाहिलंस. "भिंत कुठं हाय यात? मानूस जिथं अडतो, ते आधी काढ." मला इतका राग आला की मी वही मिटून टाकली. रंग किती छान भरलेत, एवढंच मला ऐकायचं होतं.

कॉलेजात नाव लागलं तेव्हा तू मला पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेस, एक नंबर मोठे. तुझ्या पायात तेव्हाही रबरी चपलाच होत्या. खुर्चीत बसून गाव कळत न्हाय, म्हणालीस. बूट फाटायच्या आधी तू गेलीस.

आता आमच्या कामात एक नवी गोष्ट आली आहे. घरं, बाजार, शाळा, दवाखाने असे ठेवायचे, की माणसाला ऊठसूट गाडी काढावी लागू नये. गाडी कमी निघाली की पेट्रोल कमी जळतं, हवेत कर्ब कमी जातो. या बाजाराची फाईल माझ्याकडे आली तेव्हा प्रस्ताव असा होता की बाजार हायवेपलीकडे न्यायचा आणि या जागेवर पार्किंगची इमारत बांधायची. महापालिकेतले आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, लोकांकडे स्कूटर आहेत, जातील पलीकडे. मी म्हटलं, साहेब, तेच तर थांबवायचंय ना? ते म्हणाले, मग दाखवा थांबवून.

पुढे दोन आठवडे मी रोज सकाळी बाजाराच्या तोंडाशी उभी राहिले. येणाऱ्याला विचारायचं, कुठून आलात, कशाने आलात. कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटर काढणारे निम्मे लोक एकाच सोसायटीतले निघाले. बाजार त्यांच्या पाठीला लागून आहे, पण मध्ये भिंत आहे. होय, तीच. सोसायटीचे अध्यक्ष सत्तरीचे गुजराती काका. भिंतीत गेट करू म्हटल्यावर त्यांनी चोरांची भीती घातली. मी त्यांना एवढंच म्हटलं, एकदा माझ्याबरोबर पायी चला. ते आले. मोठ्या रस्त्याने वळसा घालताना दोनदा थांबले, घाम पुसला. बाजारात पोचल्यावर मी त्यांना भिंतीवरून दिसणारी पाण्याची टाकी दाखवली. "काका, वो टंकी आपके बिल्डिंग की है." त्यांनी हवेतच टाकीपासून बाजारापर्यंत बोटाने रेघ ओढली. मग म्हणाले, "बेटा, मैं बीस साल से घूम के आता हूँ."

बाजार जागेवरच ठेवायच्या माझ्या आराखड्यावर हरकतींची सुनावणी झाली, तेव्हा हॉल भरला होता. एकाने विचारलं, मॅडम, पार्किंग नाही म्हणता, तुम्हाला गाडीवाल्यांचा त्रास काय कळणार? मी नकाशे, तक्ते सगळं घेऊन गेले होते. पण उभी राहिले आणि तोंडून भलतंच आलं. "माझी आई या बाजारात मासळी विकायची. या भिंतीला वळसा घालून यायची, डोक्यावर पाटी घेऊन. तुम्ही स्कूटरवरून घालता तोच वळसा." इतक्या वर्षांत कचेरीत मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. मग ते काका उठले आणि म्हणाले, हमारी सोसायटी गेट देगी. साहेबांनी माझा नकाशा मागून घेतला. त्यावर भिंत लाल रंगात होती, सगळ्यात आधी काढलेली.

गेल्या महिन्यात गेट उघडलं. बाजारावर छप्पर आलंय, कोळणींना ओटे मिळालेत, वर दवाखाना आणि पाळणाघर होतंय. पहिल्या सकाळी मी कडेला उभी होते. एक बाई गाऊनवर ओढणी घेऊन, पिशवी हलवत गेटातून आली, दोन वाटे मांदेली घेतली आणि तशीच परत गेली. गॅसवर दूध ठेवून आली असावी इतक्या घाईत. एका गेटाने जगाचा धूर हटत नाही, मला ठाऊक आहे. पण आता प्रत्येक वॉर्डात आमची माणसं आधी पायी फिरतात, भिंती शोधतात. साहेबांनीच तसा नियम केला. त्या सकाळी ताठ मानेने उभी होते मी, आये. तुझी मुलगी म्हणून.

आणि एक. मी अकराव्या मजल्यावर राहते. मासळी मोबाइलवरून मागवते. साफ करून, डब्यात घालून, मोटरसायकलवरून दारात येते. हे पत्र पाठवायचं असतं, तर ही ओळ मी खोडली असती.