फिरत्या घराची फरशी

३ फेब्रुवारी, सकाळी ७
निर्णय झाला. कॅम्परव्हॅन घ्यायची. आत पलंग, दोन शेगड्या, छोटं बाथरूम, खाली चार चाकं. हिला समुद्र दाखवायचा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून एकदा पाहिला होता म्हणे, तोही धुक्यात. काल डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर कडेने आत आत आवळत जाणार, मधलं शेवटपर्यंत राहील, तेव्हा जे पाहायचं ते पाहून घ्या. वर्ष आहे हातात. वर्ष म्हणजे भरपूर. एका वर्षात मी सात मजली हॉस्पिटल टाइल केलंय, जिन्यांसकट.
ही म्हणाली, अहो, बसनेही जाता येतं की, आज बसलं की उद्या समुद्र. मी म्हटलं, चाळीस वर्षं लोकांच्या बाथरूममध्ये गुडघे टेकले ते बायकोला बसने न्यायला नव्हे. ती चहा ठेवायला उठली. पटलं असावं.
प्रश्न उरला एकच. नवी की जुनी. आठवडाभरात फायनल.

११ फेब्रुवारी
आठवडा झाला. घाई नको. टाइल लावायच्या आधी पाण्यात भिजवावी लागते. कोरडीच लावली तर सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते आणि चार महिन्यांत सुटते. निर्णयाचंही तेच, भिजू द्यावा. नवी वही आणली, पानाच्या मधोमध रेघ मारली. नवीचे फायदे: नवी असते. जुनीचे फायदे: लगेच मिळते. मग जेवायला हाक आली.

२ मार्च
शोरूम. विकणारा टायवाला, जेमतेम तिशीचा. हिला खुर्ची दिली, मला कॅटलॉग. मी कॅटलॉग बाजूला ठेवला आणि खिशातून दांडा काढला. हा दांडा म्हणजे माझी पहिली हातोडी मोडली तिचा राहिलेला भाग. याने टाइल ठोकायची. 'ठक' वाजली तर भरीव. 'ढब' वाजली तर खाली हवा राहिलीय, आज ना उद्या फुटणार. धंद्यात माझ्या कानाला लोक टरकून असत. शेजारच्या खोलीत चहा पितापिता मी सांगायचो, खिडकीखालची तिसरी काढा.
तर नवी गाडी. भिंत ढब. कपाट ढब. बाथरूमचं दार ढब. टेबल तर ढबढब. टायवाला म्हणाला, सर, गाडी आहे ही, हलकीच असायला हवी. मी नुसता हसलो. पोकळ माल विकणारा त्याला हलकाच म्हणतो.
ही खिडकीशी बसून होती. म्हणाली, खिडकी केवढी मोठी आहे हो. मी म्हटलं, खिडकीचं काय घेऊन बसलीस, भोक कुठेही पाडता येतं.
शिवाय गाडी हातात यायला आठ महिने लागणार.
निघताना ही काचेच्या दाराला धडकली. टायवाला पाणी घेऊन धावला. मी त्याला समजावलं, बाबा रे, दाराची काच इतकी स्वच्छ पुसू नये. व्यवसायाचा सल्ला, फुकट दिला.

१९ मार्च
आज जुनी पाहिली. एका निवृत्त मास्तरांची, अकरा वर्षं वापरलेली. दोघं नवराबायको तिच्यातून दुनिया फिरून आले. आता बाईंना पायऱ्या चढवत नाहीत म्हणून विकतायत. पडदे बाईंनी स्वतः शिवलेले. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने कुठे कुठे गेले त्याची यादी, तारखा घालून. मास्तर म्हणाले, पाण्याची टाकी भरलेली आहे, गॅस आहे, आत्ता निघालात तरी माझी ना नाही.
आमच्या बाईसाहेब पलंगावर जाऊन बसल्या आणि चक्क पाय वर घेतले. परक्या ठिकाणी हिने पाय वर घेतलेले मी लग्नापासून पाहिले नव्हते.
मी माझं काम केलं. सिंकजवळची जमीन ढब. मास्तर म्हणाले, तिथे खाली टाकी आहे. मी म्हटलं, तेच म्हणतोय, पोकळ आहे. ते म्हणाले, टाकी पोकळच असते हो. शिक्षकाशी वाद घालू नये, त्यांना जन्मभर उलट उत्तर ऐकायची सवय नसते.
परतताना हिला विचारलं, कशी वाटली? म्हणाली, बरी. खोदून विचारल्यावर म्हणाली, त्या दारावर समुद्र तीनदा लिहिला होता. मी नाक टेकवून वाचलं.
नाक कशाला टेकवायचं? चष्मा विसरली असेल.

८ एप्रिल
मास्तरांचा फोन. आणखी एक जोडपं पाहून गेलंय, तुमचं काय? मी म्हटलं, कळवतो. व्यवहारात जो आधी बोलतो तो हरतो. मी बोलणारच नाही. बघू कोण टिकतं.

२१ एप्रिल
मास्तर टिकले नाहीत. गाडी गेली. बरंच झालं. हिला सांगितलं तर भाजी चिरतच राहिली. म्हणाली, पडदे छान होते. बोट कापलं तेव्हा थांबली. हल्ली हिचं लक्ष नसतं कामात.

५ मे
मेव्हणी आली. हिची धाकटी बहीण, निवृत्त नर्स. आयुष्यभर लोकांना सुया टोचल्या, ती सवय जिभेला लागलीय. चप्पल काढायच्या आधी विचारलं, काय भाऊजी, गाडी कुठवर आली? मी टाइल भिजवण्याचा सिद्धांत सांगितला. ती म्हणाली, भाऊजी, याला टाइल म्हणत नाहीत, याला भिजत घोंगडं म्हणतात.
मग स्वयंपाकघरात दोघींची कुजबुज. माझे कान काही निवृत्त झालेले नाहीत. ही म्हणत होती, डॉक्टर 'वर्ष किंवा त्याहून कमी' म्हणाले होते. मी बाहेरूनच ओरडून सांगितलं की असं काही म्हणाले नाहीत.
म्हणाले असतीलही. 'किंवा'च्या पुढचं मी कधी लक्षात ठेवत नाही. गिऱ्हाईक 'निळी किंवा हिरवी' म्हणालं की मी निळी लावायला घ्यायचो. त्यामुळेच तर कामं वेळेत व्हायची.

१४ मे, पहाटे ५.३०
सुचलं! ताडकन उठून बसलो. नवी पण नको, जुनी पण नको. गाडी जुनी, घर नवं! रिकामी व्हॅन घ्यायची आणि आतलं सगळं मी स्वतः करायचं. भरीव. इतके महिने हे कुणालाच कसं सुचलं नाही? हिला उठवून सांगितलं. म्हणाली, किती दिवस लागतील? म्हटलं, तीन आठवडे. म्हणाली, बसला एकच दिवस लागतो. आणि कूस बदलली.
आनंदाने झोप लागली नसावी तिला.

२९ मे
व्हॅन आली. एका लाँड्रीची होती. आत अजून साबणाचा वास. माझ्या वर्कशॉपच्या मागच्या अंगणात लावली. शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, काका, इंजिन ठणठणीत आहे, फक्त वजनाकडे लक्ष ठेवा. मी म्हटलं, अरे, वजनाचं मला शिकवतोस? सातव्या मजल्यावर खांद्यावरून टाइल चढवलीय मी.

१६ जून
जमीन टाइलची करायची ठरवलं. लोक गाडीत प्लास्टिकचा गालिचा अंथरतात. अंथरोत बापडे. माझ्या बायकोच्या पायाखाली प्लास्टिक नाही.
सहा नमुने आणून हिच्यापुढे मांडले. ही डोळ्यांनी बघेचना, बोटं फिरवत बसली. हा गुळगुळीत नको, पाय सरकेल. हा खरखरीत बरा. रंग? म्हणाली, यातला निळा कुठला? म्हटलं, तुझ्या हातात आहे तोच. म्हणाली, मग हाच लावा, निळा समुद्राचा.
शेवटी पसंतीच्या कामात तिचंच चालतं.

३ जुलै
तीन आठवडे कधीच संपले. कारण बाथरूम. जमीन टाइलची आणि भिंती प्लास्टिकच्या, हे माझ्याच्याने बघवेना. भिंतींनाही टाइल, खांद्यापर्यंत. खाली दोन बोटं जाड सिमेंटचा थर. गॅरेजवाला डोकावून गेला. मागच्या चाकाकडे वाकून बघितलं आणि शीळ घातली. कौतुकाची शीळ मला ओळखू येते.

१० ऑगस्ट
ओट्यालाही टाइल. आता छत. छत सोडून दिलं. कुठे थांबावं हे कारागिराला कळलं पाहिजे.
मेव्हणीचा फोन. ताई दारातल्या पायरीवर पडली, कळलं का? कळलं तर. मीच उचललं. पायरीला उद्याच नवी टाइल बसवतो, पिवळ्या कडेची. डॉक्टरांकडे नेऊन आणलं ते मेव्हणीनेच. ते काय म्हणाले ते मी विचारलं नाही. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं.

३० ऑगस्ट, दुपारी ४
पूर्ण! असं काम या गावात कुणी केलं नसेल. दांडा घेऊन गुडघ्यांवर बसलो आणि एकेक टाइल वाजवली. ठक, ठक, ठक. जमीन, भिंती, ओटा. एकही पोकळ नाही. पलंगाच्या पायथ्याचीसुद्धा नाही.
उद्या तपासणीचा कागद, परवा समुद्र. हिला बॅग भरायला सांगितलं. म्हणाली, फेब्रुवारीपासून भरलेलीच आहे.

६ सप्टेंबर
तपासणी. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मागची चाकं वरच्या पत्र्याला घासत होती. नवं घर आवाज करतंच.
तपासनीस आधी वजनकाट्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. आत काय आहे म्हणाला. म्हटलं, बाथरूम. तो आत चढला. बराच वेळ बाहेर येईना. मग दारातून डोकं काढून त्याने दुसऱ्या तपासनिसाला हाक मारली. तोही चढला. तिसरा चढायला निघाला तर पहिला ओरडला, तू नको, गाडी आधीच बसलीय. तिघांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, काका, काम अप्रतिम आहे. एवढी वर्षं नोकरी केली, असं पाहिलं नाही. फक्त रस्त्यावर आणू नका.
काम अप्रतिम. सरकारी माणसाच्या तोंडचे शब्द आहेत हे.
व्हॅन दुसऱ्या गाडीला बांधून परत आणली.

१२ सप्टेंबर
गॅरेजवाला म्हणतो, एक तर स्प्रिंगा दुप्पट करा, पण त्या बाहेरून मागवायच्या, वेळ लागेल. नाही तर टाइल फोडा. फोडा म्हणे! मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. स्प्रिंगा मागवल्या. बसवणारा मिस्त्री दहा दिवसांत येतो म्हणालाय.

५ ऑक्टोबर
मिस्त्री आला नाही.
ही आता चहा ओतताना कपात बोट धरते. म्हटलं, भाजेल की. म्हणाली, भाजलं की कळतं, भरला.
यावर काय लिहायचं? मिस्त्रीला उद्या कडक शब्दांत फोन करतो.

१८ ऑक्टोबर, सकाळी ६
मेव्हणी बसची तिकिटं घेऊन दारात. म्हणाली, ताई, चल. ही आधीच साडी नेसून, बॅग घेऊन उभी. दोघींचं ठरलं होतं तर. माझ्या कानांवर आलं नाही एवढंच नवल. तीन तिकिटं होती. मेव्हणी म्हणाली, भाऊजी, तिसरं तुमचं, चप्पल घाला. ही म्हणाली, चला ना हो.
आणि नेमका आजच मिस्त्री येणार! आठ वाजता, पक्का शब्द. कामाच्या वेळी मालक जागेवर हवा. समजावून सांगितलं. ही माझ्या शर्टाची बाही चाचपत थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, गॅस बंद केलाय.

१८ ऑक्टोबर, दुपारी १
मिस्त्री आला नाही.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
फोन लावला. मिस्त्री म्हणाला, काका, मी कुठे म्हणालो होतो आज येतो? मी म्हणालो होतो, आज किंवा पुढच्या महिन्यात.

२२ ऑक्टोबर
परत आली. सँडलमध्ये वाळू. विचारलं, दिसला का? म्हणाली, समोर होता तेवढा दिसला, दाराच्या फटीतून बघावं तसा. बाकीचा ऐकला. तुम्ही हवे होतात. तुमचे कान हवे होते तिथे.
वाळू तिने अंगणात झटकली नाही. डबीत काढून ठेवली.

२७ ऑक्टोबर, दुपारी
आज आपणहून म्हणाली, तुमची गाडी तरी दाखवा एकदा, बसू आत. पायऱ्या मोजत चढली. ओट्यावरून, भिंतीवरून हात फिरवला. म्हणाली, सांधे किती सरळ आहेत हो. पलंगावर बसली. पाय वर घेतले नाहीत. खालीच ठेवले, नव्या टाइलवर. खिडकीबाहेर वर्कशॉपची मागची भिंत. खिडकी नीट मोठी पाडली असती तरी भिंतच.
ती टाचेने हलकेच फरशीवर ठोकत होती, सहज. मग थांबली. म्हणाली, अहो, ही पोकळ आहे.
म्हटलं, कशी असेल? प्रत्येक वाजवलीय मी. लिहून ठेवलंय.
ती म्हणाली, ऐका ना. आणि पुन्हा टाच टेकवली.
ढब.
३० ऑगस्टलाच ऐकू आलं होतं. लिहिलं नव्हतं.